रणगाड्यावरची माती : डेक्कन हॉर्स, मेकतिला आणि आमच्या घरातला एक वाद



आज जरा वेगळा विषय. रिमोटवर चालणारा एक मोठा मॉडेल रणगाडा, त्याचा रंग आणि त्याच्यावर चढवायची धूळ. कोणी म्हणेल, हा पोरखेळ इथे कशाला? पण या धुळीत आपल्या हैदराबादचा आणि थोडा वऱ्हाडचाही इतिहास आहे, म्हणून लिहितेय. थोडं लांब आहे, सवडीने वाचा.

माझ्या भाच्याकडे शर्मन रणगाड्याचं १:१६ प्रमाणातलं मॉडेल आहे. खरा शर्मन साधारण ६ मीटर लांब आणि ३० टनांहून जड. हा ३७-३८ सेंटिमीटरचा. बुरूज फिरतो, तोफ वरखाली होते, पट्टे खरेच चालतात. जगभर लोक हा रणगाडा अमेरिकन म्हणून रंगवतात. हिरवा रंग, पांढरा तारा, नॉर्मंडी १९४४. भाचा म्हणाला, "मावशी, मला तो डेक्कन हॉर्सचा करायचाय." आणि तिथून घरात पुस्तकं, नकाशे आणि वाद सुरू झाले.

डेक्कन हॉर्स हे नाव आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. निजामाच्या चाकरीतलं १७९० सालचं घोडदळ, ही त्याची सुरुवात. पुढे ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या 'हैदराबाद कंटिंजंट'मध्ये गेलं. या फौजेचा खर्च निजामाने द्यायचा, पण पैसे थकत गेले. शेवटी १८५३ साली त्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला गेला. म्हणजे अमरावती-अकोल्याकडच्या काळ्या मातीत राबणाऱ्या शेतकऱ्याच्या सारावर हे घोडेस्वार पोसले गेले. या पलटणीत भरती प्रामुख्याने मराठी माणसांची होती असं नाही, ते खोटं सांगायला नको. पण त्यांच्या दाणावैरणीचा पैसा मराठी मुलखातून गेला, हे मात्र खरं.

१९०३ मध्ये कंटिंजंट मोडून हे घोडदळ हिंदुस्थानी सैन्यात घेतलं गेलं. पहिल्या महायुद्धात १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत, हाय वुडजवळ २०व्या डेक्कन हॉर्सने भाले घेऊन घोड्यांवरून चढाई केली. समोर मशीनगन! दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास घोडे गेले आणि रणगाडे आले. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात आणि सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ, अशा दोन मोठ्या लढायांत ही पलटण शर्मनवर लढली.

म्हणजे पलटण एक, रणगाडा एकाच जातीचा, पण माती दोन. मॉडेल रंगवणाऱ्याला हे आधी ठरवावं लागतं. जागा आणि महिना ठरला नाही तर धूळ कोणत्या रंगाची आणि चिखल ओला की सुका, हेच कळत नाही.

खेमकरणजवळच्या असल उत्तरला ८ ते १० सप्टेंबर १९६५ ला लढाई झाली. आपल्या लोकांनी शेतांत पाणी सोडलेलं, उभा ऊस. पाकिस्तानचे पॅटन त्या चिखलात रुतले आणि आपल्या रणगाड्यांनी, तोफांनी ते टिपले. हवालदार अब्दुल हमीद तिथलेच. हा प्रसंग रंगवायचा तर चिखल गडद, ओला, चकाकणारा हवा. तो पट्ट्यांकडून वर उडालेला, खालच्या अंगाला दाट आणि वर तुरळक शिंतोडे. चाकांत उसाच्या पाचटाचे तुकडे अडकलेले.

मेकतिला अगदी उलट. फेब्रुवारी १९४५ मध्ये जनरल स्लिम यांच्या चौदाव्या आर्मीने इरावती ओलांडली. १७वी हिंदुस्थानी डिव्हिजन आणि २५५वी टँक ब्रिगेड थेट मेकतिलावर निघाली. त्या ब्रिगेडमध्ये डेक्कन हॉर्स आणि प्रोबिन्स हॉर्स या दोन पलटणी शर्मन घेऊन होत्या. मेकतिला हे जपान्यांचं रसदीचं ठाणं, जवळ विमानतळ. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते पडलं. मग जपान्यांनीच वेढा घातला आणि महिनाभर झुंज चालली. हा ब्रह्मदेशचा कोरडा पट्टा. ब्रह्मदेश म्हटलं की आपल्याला जंगल आणि पाऊस दिसतो, पण हा भाग आपल्या मराठवाड्यासारखा पर्जन्यछायेतला. मार्च महिना, पाऊस नाही, नुसती धूळ.

भाच्याने मेकतिला निवडलं. म्हणाला, "असल उत्तर सगळ्यांना माहितीय. याचं नावही कोणी घेत नाही." मला ते पटलं.

मग काम सुरू झालं. आधी मॉडेल साबणाच्या पाण्याने धुऊन घेतलं, कारण प्लॅस्टिकवर साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. मग अस्तराचा हात. त्यावर हिरवा, पण डब्यातला गडद हिरवा जसाच्या तसा नाही. लांबून पाहिलेली मोठी वस्तू मधल्या हवेमुळे फिकट दिसते, म्हणून छोट्या मॉडेलवर तोच रंग थोडा उजळ करून मारतात, नाहीतर तो काळाठिक्कर दिसतो. वरून चकचकीत वॉर्निश, आणि त्यावर टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ केलेला तपकिरी ऑइल कलर. तो आपोआप रिव्हेटांच्या कडेला, झाकणांच्या सांध्यांत जाऊन बसतो. याला 'वॉश' म्हणतात. शेवटी मॅट वॉर्निशने चमक मारायची.

आता गंज. इथे अण्णा, म्हणजे माझे वडील, मध्ये पडले. अण्णांची सगळी नोकरी लष्कराच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये गेली. सिकंदराबादला ईएमईचं सेंटर आहे, त्यामुळे इकडे अशी मराठी घरं बरीच. भाच्याने इंटरनेटवर पाहून ठरवलेलं की आधी तांबूस गंजाचा रंग, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर हिरवा मारायचा आणि मग ओल्या ब्रशने घासून हिरवा जागोजागी उडवायचा. पद्धत चांगलीच आहे. पण अण्णा चिडले.

"हा काय भंगारातला रणगाडा आहे का रे? याच्यात पाच माणसं बसलीयत. त्यांचा जीव याच्यावर आहे. ती याला गंजू देतील?"

"पण आजोबा, लढाईत एवढा चकाचक कसा असेल?"

"चकाचक नको म्हणतोय मी. मळलेला असू दे. टाकून दिलेला दिसायला नको."

दोन दिवस घरात अबोला. मग अण्णांनीच मॉडेल पुढ्यात घेतलं आणि एकेक जागा दाखवली. माणसं चढतात-उतरतात तिथे बुटांनी रंग झिजतो. झाकणाच्या कडेला हात घासून धूळ पुसली जाते. इंधन भरायच्या तोंडाशी डाग पडतात. हत्यारं ठेवायच्या जागी ओरखडे येतात. पुढच्या दातेरी चाकाचे दात पट्ट्याला घासून पांढरे होतात, तिथे गंज टिकत नाही. जमिनीवरच्या चाकांना मात्र रबर असतं, ती चंदेरी करू नये. गंज धुराच्या नळकांड्याला, तिथला रंग उष्णतेने जळतो म्हणून. जाड पोलादावरचा नवा ओरखडा पुढे तपकिरी होतो. संपूर्ण तांबडा दिसतो तो जळून गेलेला रणगाडा.

भाच्याने हेअरस्प्रे वापरलाच, पण फक्त या जागांपुरता. स्पंजच्या तुकड्याने बारीक टिपके, बस्स.

धुळीसाठी घरामागची माती घ्यायची का, हा शेवटचा प्रश्न. आपली सिकंदराबादची माती लाल आणि खरखरीत. चाळून घेतली तरी १:१६ वर तिचा कण खड्यासारखा दिसतो, आणि तो गिअरमध्ये गेला तर मशीन बिघडतं. म्हणून फिकट पिवळट पिगमेंटची पूड घेतली. आडव्या भागांवर, पट्ट्यांच्या मागे आणि कोपऱ्यांत ती ब्रशने बसवली. माणसांचा वावर जिथे, तिथून पुसून काढली. वर पातळ मॅट वॉर्निशचा फवारा, नाहीतर चालवताना सगळी उडून जाईल. पट्ट्यांवर रंग टिकत नाही, घासून जातोच. तिथे रंग कमी आणि पूड जास्त, हा उपाय.

आता तो रणगाडा थकलेला दिसतो, पण जित्या माणसांचा दिसतो. धूळ आहे, हेळसांड नाही. अण्णांचं म्हणणं आणि भाच्याचं म्हणणं, दोन्ही त्यात आलं. आणि मला एक कळलं. लढाई जिंकली की हरली हे पुस्तकात सापडतं, पण आतल्या माणसांनी त्या लोखंडाला कसं जपलं हे ओरखड्यांच्या जागांवरून कळतं. ते सांगणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे.

मंडळी, तुमच्याही घरी कोणी ईएमईत, कुठल्या रिसाल्यात किंवा फौजेच्या वर्कशॉपमध्ये असतील. तिरुमलगिरी, बोलारमकडे अशी घरं नक्की आहेत. त्यांना बसवा आणि विचारा, कुठला भाग आधी झिजायचा, हात कशाने काळे व्हायचे. आणि ऐकलेलं लिहून ठेवा. वऱ्हाडच्या सारापासून मेकतिलाच्या धुळीपर्यंतचा हा धागा आपल्या घरांतूनही गेलाय. इथे लिहिलंत तर सगळ्यांना वाचायला मिळेल.