यरुशलेमचे राज्याभिषेक-स्तोत्र

बायबलच्या जुन्या करारातील स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत. त्यांपैकी दुसरे स्तोत्र अवघ्या बारा वचनांचे. पृथ्वीवरील राजे एकत्र जमून परमेश्वराविरुद्ध आणि त्याने अभिषेक केलेल्या राजाविरुद्ध मसलत करतात. स्वर्गातील देवाला त्यांचे हसू येते आणि सियोन डोंगरावर आपला राजा आपणच बसविला असल्याचे तो जाहीर करतो. मग तो राजा स्वतः बोलू लागतो. देवाने आपणास पुत्र म्हटले, सारी राष्ट्रे वतन म्हणून दिली, असे सांगतो. अखेरीस बंडखोर राजांना शहाणे होण्याची ताकीद मिळते. भाविक हे सारे एका दमात वाचून जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र थांबून विचारावे लागते, की हा राजा कोण?

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन पंडित हेर्मान गुंकेल यांनी अशा रचनांचा ‘राजस्तोत्रे’ हा निराळा वर्ग पाडला. दावीदाच्या वंशातील राजा गादीवर बसताना हे स्तोत्र म्हटले जात असावे, असे तेव्हापासून अनेक विद्वान मानतात. आपल्याकडे अभिषेक पवित्र नद्यांच्या जलाने होई. तेथे राजाच्या मस्तकी तेल ओतीत. ‘मसीहा’ या शब्दाचा मूळ अर्थही ‘अभिषिक्त’ एवढाच. राज्यारोहणाचा दिवस हाच पुत्रत्वाचा दिवस ठरतो, त्या अर्थी येथे जन्मकथा नसून दत्तकविधानाची भाषा आहे.

बंडाची हकीकतही त्या काळाला धरूनच आहे. सम्राट मेला की मांडलिकांनी उचल खावी, हा पश्चिम आशियातील नित्याचा प्रकार. ख्रिस्तपूर्व ७०५ मध्ये अश्शूरचा सम्राट दुसरा सार्गोन रणात पडला आणि यहूदाचा राजा हिज्कीया याने अश्शूरचे जू झुगारले. ७०१ मध्ये सार्गोनचा पुत्र सन्हेरीब चालून आला. यरुशलेम वाचले, परंतु खंडणी चुकली नाही. बायबल आणि सन्हेरीबाचा कोरीव लेख दोन्ही सोन्याचा आकडा तीस किक्कार, म्हणजे आजच्या हिशेबाने जवळजवळ एक टन, असाच देतात. येथेच या स्तोत्रातील विलक्षण विसंगती ध्यानी येते. काव्यात यरुशलेमचा राजा जगाचा धनी आहे आणि इतर राजे बंडखोर. प्रत्यक्षात बंडखोर मांडलिक होता तो यरुशलेमचाच राजा. एका चिमुकल्या डोंगरी राज्याने साम्राज्याची सारी परिभाषा उचलली आणि ती साम्राज्यांवरच उलटविली.

पुढे ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले. सिद्कीया राजाच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांना ठार करून नंतर त्याचे डोळे काढण्यात आले. ज्या गादीसाठी स्तोत्र रचले ती गादीच नाहीशी झाली. दरबारी काव्य अशा वेळी दरबाराबरोबर नष्ट व्हावयाचे. हे मात्र संहितेच्या अगदी आरंभी जपून ठेवले गेले. गेलेल्या राजाच्या जागी येणारा राजा कल्पिला गेला. मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील एका गुंडाळीत या स्तोत्राचा संबंध अंतिम काळाशी जोडलेला आढळतो. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात कटवाले राजे म्हणजे हेरोद आणि पिलात. उलट अकराव्या शतकातील यहुदी भाष्यकार राशी मसीहापर अर्थाची परंपरा सांगूनही सरळ अर्थ दावीद व पलिष्टी यांच्याकडेच लावतो.

इंग्लंडात तर बंडखोर कोणाला म्हणावे हाच वादाचा विषय झाला. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. त्या कृत्याचे लेखणीने समर्थन करणारा मिल्टन दृष्टिहीन झाल्यावर, १६५३ च्या ऑगस्टमध्ये, या राजनिष्ठेच्या स्तोत्राचे भाषांतर करतो! हँडेलचे ‘मसीहा’ हे संगीतकाव्य १७४२ मध्ये डब्लिनला प्रथम गाइले गेले. त्यातही हे स्तोत्र आहे. त्याची वचने निवडणारा चार्ल्स जेनेन्स हा हॅनोव्हर घराण्याच्या राजाशी निष्ठेची शपथ न घेणाऱ्यांपैकी होता. एकाला चार्ल्सची सत्ता जुलमी वाटे, दुसऱ्याला गादीवरील राजाच उपरा. स्तोत्र दोघांनाही हवे होते.

बाराव्या वचनाचा वाद तर अद्याप मिटलेला नाही. राजांनी पुत्राचे चुंबन घ्यावे, असा त्याचा अर्थ लावतात; पण येथे ‘पुत्र’ या अर्थी हिब्रू नव्हे तर अरामी शब्द येतो. जुन्या ग्रीक भाषांतरात पुत्राचा पत्ताच नाही. तेथे राजांना शिस्त पत्करण्यास सांगितले आहे. अक्षरांची उलटापालट झाली असून मूळ आज्ञा पाय चुंबण्याची होती, असा अनेक आधुनिक विद्वानांचा तर्क आहे. हा विधी कसा दिसे, हे पाहावयाचे तर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील काळा स्तंभ पाहावा. ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातील त्या शिल्पात अश्शूरचा तिसरा शल्मनेसर उभा आहे, आणि त्याच्या पायांशी कपाळ जमिनीस टेकून पडलेला मनुष्य आहे इस्राएलचा राजा येहू, किंवा त्याचा वकील.