वासरू दगावलं? गायीची अशी घ्या काळजी

एकलहरे (ता. नाशिक) : वासरू दगावलं की गाय हंबरते, वैरण सोडते, पान्हा चोरते. गाय आटली समजून विकायची घाई करू नका. पहिला आठवडा सांभाळला तर वेत वाचू शकतं.

धार : कासेत दूध साचून राहिलं तर दगडीचा धोका वाढतो. रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो एकाच माणसाने धार काढावी. कोमट पाण्याने कास धुऊन मिनिटभर सड चोळावेत, पुढ्यात आंबोण ठेवावं. पान्हा पाच-सात मिनिटंच टिकतो, म्हणून मध्ये थांबू नये. मारझोड केली तर पान्हा अडतो.

इंजेक्शन : पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिन परस्पर टोचू नये. सवय लागली की त्याशिवाय गाय दूध देत नाही. हे औषध पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवरच घ्यायचं असतं.

वार : १२ तासांत पडली नाही तर ओढू नका, वजन बांधू नका. डॉक्टरांना बोलवा.

मेलेलं वासरू : गायीने दिवस भरण्याआधी टाकलं असेल तर ब्रुसेलोसिसची शंका घ्यावी. हा आजार माणसालाही होतो. वासरू, वार उघड्या हाताने धरू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. कातड्यात पेंढा भरून गायीपुढे ठेवायची जुनी रीत अशा वेळी धोक्याची. दूध उकळूनच प्या.

पुढचं वेत : साधारण ६० दिवसांनी गर्भाशय तपासून, माज ओळखून रेतन करावं.

मदतीसाठी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक : १९६२.