दूरध्वनीवरील फलकांची राखण

देवालयाच्या महाद्वाराशी टांगलेला काळा फळा आमच्या वाचकांस अपरिचित नाही. पालखी केव्हा निघणार, कीर्तन कोणाचे, महाप्रसादाची वर्गणी कोणाकडे द्यावयाची, हे सारे त्यावर खडूने लिहिलेले असते. फळा कोणी अर्पण केला ते चौकटीवर रंगवून ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. परंतु कालची तिथी पुसून आजची लिहिणाऱ्याचे नाव कोठेही आढळत नाही. तो आठ दिवस आला नाही, तर फळा जागच्या जागी राहूनही निरुपयोगी होतो. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका फळ्याचा इतिहास सांगणार आहोत. तो भिंतीवर नव्हता, दूरध्वनीच्या तारेवर होता. आणि त्याची कथा संस्थापकांपेक्षा राखणदारांचीच अधिक आहे.

१९७८ च्या जानेवारीत अमेरिकेतील शिकागो शहरी मोठे हिमवादळ होऊन रहदारी थांबली. त्या सक्तीच्या विश्रांतीत वॉर्ड ख्रिस्टेनसेन आणि रँडी सूस या दोघा मित्रांच्या मनात असे आले की, आपल्या संगणक-मंडळाच्या खोलीतील सूचनाफलक दूरध्वनीवरून वाचता यावा. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी त्यांचा फलक सर्वांस खुला झाला. संगणकातील अंकांचे ध्वनीत आणि ध्वनीचे पुन्हा अंकांत रूपांतर करणारे मोडेम नावाचे यंत्र दोन्ही टोकांस असे. आपल्या घरून त्या क्रमांकास फोन लावावा, आधीची पत्रे वाचावी, आपले पत्र लिहावे आणि तार मोकळी करावी, असा त्याचा क्रम. एका वेळी एकच मनुष्य आत येऊ शके. तरीही त्या एका फलकाने आपल्या आयुष्यात अडीच लाखांहून अधिक फोन घेतले असे सांगतात.

पुढे असे फलक गावोगावी झाले, परंतु एकाचे दुसऱ्यास ठाऊक नसे. १९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज या गृहस्थाने ‘फिडोनेट’ नावाची योजना काढली. दिवसभर जमलेली परगावची पत्रे फलकाने स्वतःच बांधून ठेवावी आणि रात्री, दर उतरल्यावर, दुसऱ्या फलकास फोन लावून पोहोचती करावी, अशी ती रीत होती. यासाठी सर्व फलकांच्या क्रमांकांची एक अचूक यादी हवी. यादीत एक अंक चुकला की यंत्र मध्यरात्री एखाद्या अपरिचिताच्या घरी फोन करणार. आणि उत्तर मिळाले नाही म्हणून पुन्हा पुन्हा करीत राहणार! पहिल्या दिवसांत असे प्रत्यक्ष घडलेही. म्हणून यादी दर आठवड्यास सुधारण्याची प्रथा पडली. संपूर्ण यादी पाठविणे खर्चाचे, यासाठी गेल्या आठवड्याहून जेवढा फरक असेल तेवढाच पाठवीत आणि प्रत्येक ठिकाणी एक लहानशी आज्ञावली तो फरक जुन्या यादीत मिळवून घेई. मात्र एक आठवडा चुकला की पुढचा फरक जुळेनासा होई. आपल्या पंचांगकर्त्यांस यातील मर्म तत्काळ कळेल: गणित कितीही शुद्ध असो, गतवर्षीचे पंचांग यंदाच्या एकादशीस उपयोगी पडत नाही.

आपल्याकडे या विद्येचा आरंभ मुंबईतच झाला. १९८६-८७ च्या सुमारास जुहू येथील राष्ट्रीय संगणक-प्रणाली केंद्र आणि पवई येथील आयआयटी यांच्यामध्ये साध्या दूरध्वनीवरून संगणकीय टपाल सुरू झाले. ती विद्वानांची सोय होती. सामान्य जनांसाठी फलक चालविले ते हौशी माणसांनी, स्वतःच्या घरी व स्वतःच्या खर्चाने. मुंबईत सुचित नंदा यांचा ‘लाइव्ह वायर’ हा फलक होता. बंगळूर येथे अतुल चिटणीस यांचा ‘सिक्स’ होता. चिटणीस जन्मले बर्लिनला, १९६२ साली. पण त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण झाले आपल्या बेळगावात. ३ जून २०१३ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा मुक्त संगणक-प्रणालीचे प्रवर्तक म्हणून त्यांचे स्मरण देशभर झाले; परंतु त्या कार्याची बीजे फलकाच्या रात्रपाळीत होती.

रात्रपाळी हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. सुरतेजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पलसाणा हे तालुक्याचे गाव आहे. त्याच्या परिसरात कापडावर प्रक्रिया करणारे कारखाने उभे राहिले, आणि सुरतेच्या या उद्योगात खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. १९९० च्या सुमारास अशा गावातील एखाद्या तरुणाने मुंबईच्या फलकास फोन लावावयाचे म्हटले असते, तर काय हिशेब पडला असता? त्या काळचे चांगले मोडेम सेकंदास सुमारे २४० अक्षरे नेई. लहानसे पत्र दहा सेकंदांत जाई. पण एक लाख अक्षरांची एखादी आज्ञावली उतरवून घेण्यास सात मिनिटे लागत, आणि परगावच्या फोनचे मिनिट अंतराप्रमाणे महाग. शेवटच्या मिनिटास तार तुटली तर पैसेही गेले आणि आज्ञावलीही गेली. म्हणून ज्याच्या गावात फलक होता, त्याच्यासाठीच तो खरोखर होता. जवळच्या एका राखणदाराने सर्वांची पत्रे एका फोनात नेली तरच दूरच्या गावांस त्याचा लाभ.

हा राखणदार रोज करी काय? पुसलेले पत्र वाचकास दिसेनासे होई, पण तबकडीवरील जागा अडवूनच बसे. ती मोकळी करण्यासाठी रात्री एक आज्ञावली चालवावी लागे. यादी जुळविणारी दुसरी, जुनी पत्रे काढणारी तिसरी, टपाल बांधणारी चौथी. अशा लहान लहान आज्ञावल्यांस ‘युटिलिटी’ म्हणत. देवालयात जे स्थान झाडूचे, तेलाच्या बुधलीचे आणि जमाखर्चाच्या वहीचे, तेच फलकात या युटिलिटींचे. त्यांपैकी पुष्कळ कोणा विद्यार्थ्याने वा नोकरदाराने फावल्या वेळी लिहून जगास फुकट किंवा अल्प मोलात दिलेल्या असत.

या गृहस्थांवर पहिले संकट आले ते नियमांचे. १९९० च्या दशकाच्या मध्यास दूरसंचार खात्याने फलक चालविण्यास वर्षाला १५ लाख रुपये परवाना-शुल्क ठरविले. घरच्या खोलीत एका तारेवर विनामूल्य सेवा देणाऱ्यास हे शुल्क म्हणजे फलक बंद करण्याची आज्ञाच होती. अरुण मेहता प्रभृतींनी इलेक्ट्रॉनिक अभिव्यक्तीच्या हक्कासाठी मंच काढून त्याचा प्रतिकार केला. परंतु वाद चालू असतानाच १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वांस खुले केले, आणि वाचकच फलकांकडून हळूहळू दुसरीकडे वळले.

दुसरे संकट अधिक विलक्षण होते, कारण ते प्रगतीतून आले. पुष्कळशा युटिलिटी ‘टर्बो पास्कल’ या भाषेत लिहिलेल्या होत्या. तीतील एक भाग आरंभी संगणकाचा वेग मोजी आणि ती संख्या ६५,५३५ पर्यंतच मावेल अशा खणात ठेवी. १९९७-९८ च्या सुमारास संगणक इतके वेगवान झाले की संख्या त्या खणात मावेना. आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेल्या आज्ञावल्या ‘त्रुटी क्रमांक २००’ असे म्हणून दारातच कोसळू लागल्या. तोच २००० साल आले. फिडोनेटच्या पत्रावर वर्षाचे केवळ शेवटचे दोन अंक लिहिण्याची पद्धत होती. जी आज्ञावली ‘००’ म्हणजे १९०० समजे, तिच्या लेखी आज लिहिलेले पत्र शंभर वर्षांचे, अर्थात टाकून देण्याच्या लायकीचे! मूळ लेखक कित्येकदा हा उद्योग सोडून गेलेले, त्यांनी लिहिलेला मजकूर कोणाजवळ नाही. अशा वेळी काही चिकाटीच्या माणसांनी यंत्रभाषेतील अंक एकेक तपासून ठिगळे तयार केली व ती एकमेकांस वाटली. जेथे ती लागली तेथे फलक टिकले. त्यांतील काही परदेशांत आज इंटरनेटवरून चालतात. फिडोनेटची यादीही अद्याप सुधारली जाते.

आपल्याकडील फलकांचे मात्र तसे झाले नाही. यंत्रे भंगारात गेली, तबकड्यांस बुरशी आली, आणि त्या काळच्या तरुणांनी एकमेकांस लिहिलेली पत्रे, त्यांचे वाद, त्यांच्या शंका, यांपैकी फारच थोडे हाती उरले. हा दोष इंटरनेटचा म्हणता येणार नाही. जुन्या घरातून नव्या घरात काय न्यावयाचे, याचा विचार वेळेवर झाला नाही.

हा विचार आपल्या पूर्वजांनी केला होता. १५६० मध्ये श्रीमंगेशाचे स्थान कुशस्थळीहून प्रियोळास आले. श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. मूळ देवालये मागे राहिली, पण जे न्यावयाचे ते रात्रीच्या रात्री खाडी ओलांडून नेले गेले. नेणाऱ्यांपैकी किती जणांची नावे आपणांस ठाऊक आहेत?

आज आपल्या देवस्थानांच्या पावत्या, कुळावींच्या याद्या, उत्सवांचे हिशेब संगणकावर आहेत. संगणक कोणी दिला याची पाटी भिंतीवर लागली आहे, ते योग्यच आहे. परंतु ज्या आज्ञावलीत या याद्या आहेत ती दहा वर्षांनी नव्या यंत्रावर उघडेल काय, दुसरी प्रत कोठे आहे, आणि दर महिन्यास ती तपासणारा कोण, हे प्रश्न आगामी वार्षिक सभेत कोणीतरी विचारावे, अशी आमची विनंती आहे. आणि त्या कामास कोणी तरुण पुढे आला, तर त्याचे नाव इतिवृत्तात अवश्य लिहून ठेवावे.