आधी उत्तर, मग गणित

सल्लागार कंपन्यांच्या केस मुलाखतीत उमेदवाराला एखाद्या कंपनीची अडचण सोडवायला देतात. त्या मुलाखतीच्या शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो. अर्धा-पाऊण तास आकडेमोड झालेली असते, कागद खरडून भरलेले असतात, आणि मुलाखत घेणारा म्हणतो, ‘समजा, कंपनीचे सीईओ आत्ता इथे आले. काय सांगाल?’ उमेदवाराच्या हाती फार तर एक मिनिट. त्या मिनिटात दोन घराणी एका छपराखाली नांदतात, आणि त्यांचं मुळात पटण्यासारखं नाही.

पहिलं घराणं वकिलांचं. 1870 च्या सुमारास हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल (हो, नाव खरंच हेच) यांनी व्याख्यानं बाजूला ठेवली, प्रत्यक्ष निवाडे विद्यार्थ्यांपुढे टाकले आणि त्यांनाच उलटसुलट विचारायला सुरुवात केली. 1908 मध्ये हार्वर्डची बिझनेस स्कूल निघाली. 1919 साली तिचे डीन झालेले वॉलेस डोनम त्याच लॉ स्कूलमधून शिकलेले. त्यांनी ही पद्धत व्यापाराला लावली. पण व्यापारात छापील निवाडे कुठले? ते मुद्दाम लिहून घ्यावे लागले. कंपनीची अडचण, आकडे, माणसं सगळं त्यात असायचं. निकाल तेवढा नसायचा. तो वर्गाने काढायचा, आणि तासभर खडाजंगी होऊनही सगळ्यांचा एकच निघेल याची खात्री नाही. अहमदाबादची आयआयएम 1961 मध्ये सुरू झाली ती हार्वर्डच्याच सहकार्याने, त्यामुळे हे वळण आपल्याकडे थेट आलं.

दुसरं घराणं अहवाल लिहिणाऱ्यांचं. शिकागोत हिशेबशास्त्र शिकवणाऱ्या जेम्स मॅकिन्झी यांनी 1926 मध्ये आपली सल्लागार कंपनी काढली. 1933 साली तिथे मार्विन बॉवर आले. ते हार्वर्डमधून कायदाही शिकलेले आणि व्यवस्थापनही. 1950 च्या दशकात त्यांनी अनुभवी माणसांऐवजी बिझनेस स्कूलमधून नुकतीच बाहेर पडलेली मुलं घ्यायला सुरुवात केली. आता, ज्याने कारखाना चालवलेला नाही त्याला कारखान्याबद्दल काय विचारणार? वर्गातली केसच पुढे मुलाखतीच्या टेबलावर आली, यात मला तरी नवल वाटत नाही. पण वर्गात वाद अर्धवट सोडून कँटीनला जाता येतं. पैसे मोजून बसलेल्या गिऱ्हाइकापुढे ते चालत नाही.

इथे बार्बारा मिंटो येतात. 1963 मध्ये हार्वर्डमधून एमबीए होऊन त्या मॅकिन्झीच्या क्लीव्हलँड कार्यालयात रुजू झाल्या. सल्लागार म्हणून कंपनीने घेतलेल्या त्या पहिल्या एमबीए स्त्री. 1966 मध्ये त्यांना लंडनला पाठवलं ते युरोपातल्या सहकाऱ्यांचं अहवाललेखन सुधारायला. मिंटोबाईंनी व्याकरणापलीकडे पाहिलं. वाक्यं शुद्ध असूनही अहवाल कळत नव्हते, कारण लेखक ज्या क्रमाने शोधत गेला त्याच क्रमाने लिहीत होता. विचार खालून वर चढतो: आधी तपशील, मग त्यांचे गट, मग निष्कर्ष. वाचकाला मात्र वरून खाली उतरायचं असतं. म्हणून निष्कर्ष शिखरावर, त्याखाली कारणं, त्यांच्याखाली आकडे. हा झाला त्यांचा पिरॅमिड. 1973 मध्ये कंपनी सोडून त्यांनी हेच शिकवण्याचा स्वतंत्र व्यवसाय थाटला आणि पुढे त्यावर पुस्तक लिहिलं.

आपल्याला हे परकं वाटू नये. शाळेतल्या भूमितीत प्रमेय लिहिताना पक्षानंतर लगेच साध्य लिहितो, सिद्धता त्याच्याखाली. तरीही मुलाखतीत भलेभले सिद्धतेपासून सुरू होतात.

एक बिस्किट कंपनी घेऊ. नवा कारखाना काढावा का, हा प्रश्न. घसरलेला उमेदवार म्हणतो, ‘आधी आपण बाजारपेठ पाहिली, ती वाढतेय. मग खर्च पाहिला...’ तोवर सीईओ निघूनही गेले. सावरलेला म्हणतो, ‘नवा कारखाना सध्या काढू नये, जुन्या दोन्ही कारखान्यांत तिसरी पाळी सुरू करावी. पाच वर्षांत मागणी 30 टक्के वाढेल, पण तिसऱ्या पाळीने उत्पादन 50 टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. कारखान्याला 240 कोटी लागतील आणि ते वसूल व्हायला दहा वर्षं. पाळीचं काम 15 कोटींत होतं. धोका एकच, रात्रपाळीला कुशल कामगार न मिळण्याचा. म्हणून पहिल्या महिन्यात एकाच कारखान्यात करून पाहू.’ शिफारस, आकड्यांसकट कारणं, धोका, पुढचं पाऊल. संपलं.

तयारीच्या वर्गांत या साच्याला आणखी एक अट चिकटली आहे: कारणं तीनच हवीत. मिंटोबाईंनी पुस्तकात आधार घेतला तो मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या 1956 च्या निबंधाचा, आणि त्यातला आकडा सात, दोन कमी किंवा दोन जास्त. बिस्किटांना दोन कारणं पुरली; तिसरं भरतीचं घातलं असतं तर पहिली दोन पातळ झाली असती. उलट पिरॅमिडचा एक भाग मुलाखतीत गळून पडला. मिंटोबाई उत्तराआधी छोटी प्रस्तावना मागतात: परिस्थिती काय, बिनसलं कुठे, त्यातून प्रश्न कोणता. मुलाखत घेणाऱ्याला ते सगळं ठाऊक असतं, खरं तर त्यानेच सांगितलेलं असतं, म्हणून तिथे ते वगळलेलं खपतं. पण नोकरी लागल्यावरही कित्येकजण खऱ्या सीईओंपुढे थेट शिखरावरूनच बोलू लागतात, आणि आपण कोणता प्रश्न विचारला होता हे त्या बिचाऱ्यांना आठवत बसावं लागतं.

मिनिट संपलं की मुलाखत घेणारा बहुधा वकिलांच्या घराण्याकडे परततो: ‘आणि कामगार मिळालेच नाहीत तर?’