सोंग, पात्र आणि एनपीसी

कुणाला हिणवायचं असलं की इंग्रजीत वावरणारी तरुण मंडळी हल्ली त्याला ‘एनपीसी’ म्हणतात. स्वतःचं डोकं न चालवणारा, ठरलेली चार वाक्यं पुन्हा पुन्हा बोलणारा माणूस, असा त्याचा अर्थ. ही शिवी २०१८ च्या सुमारास अमेरिकी समाजमाध्यमांवरच्या राजकीय भांडणांत फोफावली. ती आली व्हिडिओ गेममधून, आणि व्हिडिओ गेमनी ती उचलली कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळायच्या एका खेळातून. मूळचं रूप ‘नॉन-प्लेयर कॅरेक्टर’, म्हणजे खेळाडूचं नसलेलं पात्र.

तो खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात काढला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे आपापलं एकच पात्र असतं: योद्धा, मांत्रिक किंवा धर्मगुरू. उरलेलं अख्खं जग एकटा माणूस चालवतो. सराईचा मालक, वेशीवरचा पहारेकरी, लाचखाऊ कारभारी, जखमी राक्षस या सगळ्यांच्या तोंडून तोच बोलतो. ही सगळी मंडळी एनपीसी.

पहिल्या पुस्तिकेत हा शब्द कुठे येतो ते पाहण्यासारखं आहे. तो येतो नोकरभरतीच्या संदर्भात. खेळाडूला सोबती हवा असेल तर त्यानं सराईत वगैरे तशी दवंडी पिटावी, पैशाचं आमिष दाखवावं आणि मग दोन फासे टाकावेत. बेरीज २ आली तर समोरचा अंगावर धावून येतो, १२ आली तर उत्साहानं सामील होतो. खेळाडूच्या पात्राचा प्रभाव ३ असेल तर त्याला असा एकच सोबती ठेवता येतो, १८ असेल तर बारा. साधे भाडोत्री शिपाई या हिशेबात नाहीत. नोकराची निष्ठाही आकड्यात मांडलेली. थोडक्यात, एनपीसीचा जन्म पगारपत्रकावर झाला. अशा नोकराला इंग्रजीत एक जुना शब्द आहे, ‘हेन्चमन’. त्यातला पहिला तुकडा म्हणजे जुन्या इंग्रजीतला ‘हेंगेस्ट’, अर्थात घोडा. हेन्चमन मूळचा मोतद्दार. आपल्याकडे मराठा फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. खेळाडूचं पात्र शिलेदार मानलं, तर पहिल्या पुस्तिकेतला एनपीसी बारगीर ठरतो.

पण नोकरांपलीकडचं जग कोण चालवणार? हा प्रश्न या खेळाच्या पूर्वजांनी आधीच सोडवला होता. प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये राइसविट्झनं नकाशावरचा युद्धखेळ बसवला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या मध्ये एक माणूस ठेवला. त्याला जर्मन शब्द दिला तो ‘विश्वासातला माणूस’ या अर्थाचा. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनिआपोलिस-सेंट पॉल परिसरात डेव्हिड वेस्ली यानं नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनश्टाइन या काल्पनिक जर्मन गावाचा खेळ मांडला. सैन्याच्या सेनापतींखेरीज काहींना त्यानं गावातले महापौर, सावकार, विद्यापीठाचे कुलगुरू केलं. लढाई बाजूलाच राहिली आणि मंडळी एकमेकांशी कारस्थानं करण्यात रंगली. वेस्लीला वाटलं, खेळ फसला. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा मागणी केली. त्यांच्यात आर्नेसन होता. सावकार हा सावकारासारखा बोलला तर त्यातच मजा आहे, हे त्या टेबलावर कळलं. पुढे ज्या सावकाराला खेळाडू नव्हता, तो पंचाच्या वाट्याला आला.

पंचच. पहिल्या पुस्तिकांत या माणसाला ‘रेफरी’ म्हटलं आहे. ‘डंजन मास्टर’ ही पदवी नंतरची. ‘डंजन’चा प्रवास मोठा गमतीचा आहे. जुन्या फ्रेंचमधला ‘दाँजाँ’ म्हणजे किल्ल्यातला सर्वांत उंच, सर्वांत मजबूत बुरूज, धन्याचं राहतं ठिकाण. मुळाशी लॅटिन ‘दॉमिनुस’, म्हणजे धनी. आपला शब्द वापरायचा तर हा बालेकिल्ला. त्यातला ‘बाला’ फारसीत ‘वरचा’. पुढे इंग्रजीत हाच शब्द वरून घसरत कैद्यांच्या अंधारकोठडीपर्यंत खाली उतरला. तेव्हा व्युत्पत्तीच्या डोळ्यांनी पाहिलं तर ‘डंजन मास्टर’ म्हणजे धन्याच्या घराचा धनी. दोन्ही तुकड्यांत मालकीच. अशा मालकाच्या राज्यात बाकीच्यांची ओळख ‘जे खेळाडूंचे नाहीत ते’ एवढीच राहावी, यात नवल नाही.

‘नॉन-प्लेयर’ या नावाची खोट इथेच आहे. ते त्या माणसाबद्दल काहीच सांगत नाही, फक्त तो कुणाच्या ताब्यात नाही एवढं सांगतं. नाव असं नकारावर उभं राहिलं की वागवणूकही तशीच होते. सराईवाला दार उघडण्यापुरता, पहारेकरी मरण्यापुरता. शिवी होण्याआधी व्हिडिओ गेमनी शब्दाला जो पोकळ अर्थ दिला, त्याचं बीज असं नावातच होतं. चांगल्या डंजन मास्टरांना ही खोट लवकर उमगली असावी. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये एनपीसीचं रूप, स्वभाव, सवयी फासे टाकून ठरवण्यासाठी तक्ते दिलेले आहेत.

मराठीत या कामाला तयार शब्द आहेत, आणि त्यातला एकही नकारावर उभा नाही. ‘पात्र’ संस्कृत ‘पा’ म्हणजे पिणे या धातूपासून आलं. मूळ अर्थ प्यायचं भांडं. जे धरून ठेवतं ते पात्र, म्हणून नदीचंही पात्र, दानाला योग्य माणूसही पात्र आणि नाटकातली व्यक्तीही पात्र. खेळाडू ज्यात महिनोन्‌महिने स्वतःला ओततो त्याला हा शब्द चपखल बसतो. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्याला ‘सूत्रधार’ म्हणावं. दोरी धरणारा, एवढाच त्याचा शब्दशः अर्थ, आणि मापाची दोरी धरणारा म्हणून आपला ‘सुतार’ही याच शब्दातून निघाला. जग बांधणं सुताराचं, बोलतं करणं सूत्रधाराचं. या खेळात दोन्ही कामं एकाच्याच गळ्यात.

आता एनपीसीला काय म्हणायचं? माझं मत ‘सोंग’ला. हिंदीतला ‘स्वाँग’ त्याचा सख्खा भाऊ. बोहाड्यात मुखवटे चढवून सोंगं नाचवतात, भारुडात सोंगं येतात, तमाशात सोंगाड्या असतो. क्रियापदंही या कामासाठीच घडवल्यासारखी: सोंग आणायचं, घ्यायचं, वठवायचं, उतरवायचं. एकाच माणसानं एका रात्रीत दहा सोंगं आणली तरी मराठी कानाला खटकत नाही. ‘दहा पात्रं आणली’ मात्र खटकतं. शिवाय सोंगाला स्वतःचं नाव असतं. कुणी ‘न-नायक’ म्हणून रिंगणात उतरत नाही.

‘सोंग’ला फसवणुकीचा वास येतो, असा आक्षेप येईल. झोपेचं सोंग, आजारपणाचं सोंग हे आपण म्हणतोच. पण फसवणुकीचा खरा शब्द ‘ढोंग’ आहे. ढोंग फक्त करणाऱ्याला ठाऊक असतं. सोंग आणणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असतं, तरी दोघं ते खरं मानून चालतात. भूमिकांच्या खेळाचा अख्खा करार तो हाच.

सोंग वठवायला आवाज बदलता यावाच असं नाही. त्या माणसाला आत्ता काय हवं आहे आणि तो कशाला भितो, एवढं माहीत असलं तरी भागतं. मराठीत बोलणाऱ्या सूत्रधाराला तर सर्वनामांचा मोठा आधार आहे. इंग्रजीतल्या एकाच ‘यू’च्या जागी आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण. सराईवाला सरदाराला ‘आपण बसावं’ म्हणतो आणि त्याच्या सोबत्याला ‘ए, बूट बाहेर काढ’ म्हणून दटावतो. दोन वाक्यांत तो लाचार आहे, खाष्ट आहे आणि त्याला घर स्वच्छ लागतं, हे सगळं कळतं. पुढच्या भेटीत त्याच सोबत्याला तो ‘तुम्ही’ म्हणाला, तर मधल्या काळात काहीतरी घडलं आहे हे टेबलावरच्या सगळ्यांच्या ध्यानात येतं. फाशांचा एकही तक्ता हे इतक्या स्वस्तात देत नाही.

एका मोहिमेपुरती अशी वाटणी करून पाहा: खेळाडूचं ते पात्र, सूत्रधाराचं ते सोंग, आणि ‘एनपीसी’ शिवी देणाऱ्यांना लखलाभ. शब्द टेबलावर वठला तर टिकेल, नाही तर सोडून द्या.