सुईतलं तेल

भोर-वेल्ह्यात भात पिकतो तो खाली, खाचरात. वरच्या वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नाचणी, मग वरई, जमीन थकली की कारळे आणि त्यानंतर काही वर्षं पड, असा जुना क्रम होता. कारळ्याला आमच्याकडे खुरासणीही म्हणतात. पाऊस ओसरत आला की तोरणा-राजगडाच्या अंगाखांद्यावरचे उतार त्याच्या पिवळ्या फुलांनी भरून जात. घरात वर्षभर पुरेल एवढं तेल मावळातल्या माणसाला या फुलांनी दिलं. शेंगदाणा मागून आला, तोही अमेरिका खंडातून.

माझे आजोबा भोरात घाणा चालवायचे आणि मी त्याच गावात औषधांचं दुकान चालवते. माझ्या कपाटातल्या काही इंजेक्शनांमध्ये पाणी नसतं, तेल असतं. ते तिथवर कसं पोचलं, हे आमच्या तालुक्यात कुणीतरी नीट सांगायला हवं असं मला फार दिवसांपासून वाटतं.

घाणा म्हणजे लाकडी उखळ, त्यात फिरणारी लाट आणि डोळ्यांवर झापडं बांधलेला बैल. दाणा टाकायचा, फिरता फिरता पाण्याचा हबका मारायचा, म्हणजे तेल सुटतं. तळाची पेंड दुभत्या जनावराला. तेल लगेच द्यायचं नाही, गाळ खाली बसून ते निवळेपर्यंत थांबायचं. कारळ्याचं तेल लवकर खवट होतं, म्हणून गिऱ्हाईक आधी वास घ्यायचं, मग भांडं पुढे करायचं. कुठलं तेल कशाला, हे ठरलेलं होतं. खायला कारळ्याचं, अंगाला तिळाचं, दिव्याला आणि जनावराच्या खरजेला करंजाचं, जुलाबाला आणि गाडीच्या आसाला एरंडेल. एखाद्याला एखादं तेल सोसत नाही, हेही घरोघर माहीत असायचं. सुनेला तिळाचं वावडं आहे, हे सासू शेजारणीला आधीच सांगून ठेवायची.

आता सुईकडे येते. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा पाण्यातला अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तरुण झाल्यासारखं वाटतंय असं जाहीर केलं. त्या अर्कात हार्मोन जवळपास नव्हताच, कारण वृषणांत तयार होणारा हार्मोन, टेस्टोस्टेरॉन, पाण्यात विरघळत नाही. १९३५ मध्ये ॲम्स्टरडॅमला अर्न्स्ट लाकर यांच्या गटाने सुमारे १०० किलो बैलांच्या वृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन वेगळं केलं. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका यांनी ते प्रयोगशाळेत घडवलं आणि १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या दोघांना मिळालं. पण हाती आलेला पदार्थ शरीरात टिकायचा कसा? त्याला एका आम्लाची शेपटी जोडायची, म्हणजे एस्टर करायचा, आणि तो तेलात विरघळवून स्नायूत सोडायचा. तिथे तेलाचं छोटं तळं साचतं आणि त्यातून हार्मोन हळूहळू रक्तात उतरत राहतो. या एस्टरांपैकी प्रोपिओनेट दोन-तीन दिवस पुरतं, एनॅन्थेट दोन-तीन आठवडे आणि एरंडेलातलं अनडेकॅनोएट दहा ते चौदा आठवडे.

तेल टोचण्याची कल्पना मात्र त्याही आधीची आहे, आणि तिचा एक धागा आमच्या सह्याद्रीशी जुळतो. कोकणात आणि घाटाच्या जंगलात कडू कवठ नावाचं झाड आहे. त्याच्या बियांचं तेल आणि त्याच जातकुळीतलं चौलमुग्रा तेल डॅप्सोन हे औषध येईपर्यंत कुष्ठरोगावर वापरलं जाई. टोचलं की ते जागच्या जागी साकळायचं आणि रोगी वेदनेने कळवळायचा. १९१५-१६ च्या सुमारास हवाईमध्ये ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ बाईने त्याचे इथाइल एस्टर करून ते टोचता येईल इतकं पातळ केलं. १९१६ संपता संपता ती वारली, वय चोवीस. तिचं नाव पुढे कित्येक वर्षं कुणी घेतलं नाही, याची मला अजून चीड येते.

घाणीचं तेल तसंच्या तसं सुईत भरता येत नाही. जो वास, जी चव, जो दाटपणा आमच्या आजोबांच्या तेलाची ओळख होती, तेच इथे काढून टाकावं लागतं. मोकळी आम्लं राहिली तर स्नायू चुरचुरतो, पाण्याचा अंश राहिला तर तेल बिघडतं. मग ते १५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत तासभर ठेवून निर्जंतुक करतात. शेंगदाण्याची प्रथिनं घाणीच्या तेलात उरतात, शुद्ध केलेल्या तेलात ती जवळजवळ नाहीशी होतात. जवळजवळच, पूर्ण नाही. म्हणून सस्टॅनॉनसारख्या शेंगदाणा तेलातल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनाच्या माहितीपत्रकात शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं वावडं असणाऱ्यांनी हे घेऊ नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

औषधाच्या दुकानात कायद्याने शिकलेला माणूस हवा, हे आपल्याकडे ठरलं १९४८ च्या फार्मसी ॲक्टने. त्याची तारीख ४ मार्च. चारच दिवसांनी, ८ मार्चला, पंतसचिवांचं भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. गावात विलीनीकरणाचं सगळ्यांना ठाऊक आहे, त्या कायद्याबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या लेखी दोन्हींनी हे गाव बदललं.

दुकानात दर तीन आठवड्यांनी एक काका येतात. पिट्युटरी ग्रंथीची गाठ काढल्यापासून त्यांचं शरीर टेस्टोस्टेरॉन बनवत नाही. त्यांच्या ॲम्प्यूलमध्ये एरंडेलातलं एनॅन्थेट आहे. थंडीत काच उलटी केली तर तेल गळ्याशी अडून राहतं, मधासारखं सावकाश खाली येतं. मी ॲम्प्यूल मुठीत धरून कोमट करायला सांगते, तेल ओढायला जाड सुई देते आणि सिस्टरांनी घाई करू नये असं बजावते. एरंडेल दाट खरं, पण त्यात हार्मोन जास्त विरघळतो, म्हणून कारखानदार ते निवडतात. अमेरिकेत हेच एनॅन्थेट तिळाच्या तेलात मिळतं आणि सायपिओनेट हा आणखी एक एस्टर सरकीच्या तेलात.

एकदा काकांना विचारलं, "शेंगा खाल्ल्यावर कधी अंगावर गांधी उठल्या होत्या का?"

"ताई, शेंगा तर आम्ही रानातच खातो. पण तिळाचा लाडू मला सोसत नाही. लहानपणापासून."

हे त्यांच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात त्यांना हार्मोनचं नाव, डोस, रक्ताची तपासणी, सगळं विचारलं गेलं. तेलाबद्दल कुणी विचारलं नाही.

टोचल्या जागी दोन-तीन दिवस दुखणं, थोडी गाठ राहणं, हे तेलाच्या तळ्याचं दुखणं असतं, वावडं नव्हे. गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, धाप लागणं, चक्कर येणं हे वावडं असू शकतं आणि तेव्हा तडक दवाखाना गाठायचा. टोचता टोचता खोकल्याची उबळ येते, ती बहुधा तेलाचे बारीक थेंब फुप्फुसात गेल्याने. एरंडेलातल्या अनडेकॅनोएटबाबत हा धोका इतका मानला जातो की ते अगदी सावकाश टोचतात आणि अमेरिकेत नंतर अर्धा तास दवाखान्यातच बसवून ठेवतात. तिळाच्या तेलात प्रथिनांखेरीज सेसमोल आणि सेसमिनही असतं, त्यानेही काहींच्या कातडीला त्रास होतो. आणि दोष दरवेळी तेलाचाच असतो असंही नाही. अनेक ॲम्प्यूलमध्ये बेंझिल बेंझोएट असतं, तेच जे आपण खरजेवर अंगाला चोळतो, शिवाय बेंझिल अल्कोहोल. तेल बदलूनही त्रास थांबला नाही तर डॉक्टरांना त्यांचा विचार करावा लागतो.

हे औषध घेणाऱ्यांत वयात यायला उशीर झालेले मुलगे आहेत, काकांसारखे रुग्ण आहेत, ट्रान्स पुरुष आहेत. वर्षानुवर्षं, कधी जन्मभर घ्यायचं औषध आहे हे. डोंगराच्या पलीकडच्या वाडीतून एसटीने भोरला येणाऱ्या माणसाला रिॲक्शन आली तर परतीच्या वाटेवर मदत कुठे मिळणार? म्हणून विचारायचं ते आधी, आणि पहिल्या डोसानंतर दवाखान्यातच थांबायचं. शेंगदाणा सोसत नसेल तर एरंडेलातलं एनॅन्थेट, तेही जमत नसेल तर कातडीला लावायचं जेल, असे पर्याय डॉक्टरांकडे असतात.

काकांच्या केसपेपरवर मी आता हार्मोनच्या नावाखाली दोन ओळी लिहून दिल्या आहेत: तेल एरंडेल, तीळ सोसत नाही. पुढच्या खेपेला पुण्याच्या डॉक्टरांना तो कागद आधी दाखवा, असं त्यांना सांगितलं आहे.