पोटलीतलं सोयाबीन

लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचा पोटलीचा, म्हणजे नमुना पाहून होणारा, सौदा निघतो तेव्हा खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर पसरतो. डागी किती, काडीकचरा किती, ओल किती. हे शिजतं कसं, लागतं कसं, असं कुणी विचारत नाही. माल जाणार तेलाच्या कारखान्यात.

आणि या पिकासाठी सगळी धडपड झाली ती खाण्यापायीच. गांधीजींनी १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन खाऊन पाहिलं, ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलं. बडोदा संस्थानाच्या छापखान्यातून १९३६ मध्ये एफ. एस. काळे यांचं पुस्तक निघालं, लागवडीपासून पाककृतींपर्यंत. तरी चुलीवर काही ते चढलं नाही.

साठच्या दशकात इलिनॉय विद्यापीठ अमेरिकी मदतीच्या पैशावर पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांबरोबर कामाला लागलं. ब्रॅग, ली, क्लार्क या पिवळ्या दाण्याच्या अमेरिकी वाणांच्या चाचण्या झाल्या; १९६७ मध्ये अखिल भारतीय समन्वित प्रकल्प उभा राहिला. ४० टक्के प्रथिनं, गरिबाच्या ताटात स्वस्तात, हा त्यामागचा हिशेब. पंतनगरला दूधही करून पाहिलं. पण तुरीसारखं वरण काही होईना. दाणा लवकर शिजत नाही, वर उग्र वास. शेवटी पीक उचललं ते तेल कारखान्यांनी. तेल माणसांना, पेंड परदेशी आणि कोंबड्यांना.

मराठवाड्यात ते खरं पसरलं जबलपूरच्या जेएस ३३५ मुळे. वाण १९९४ चं, शंभरेक दिवसांत काढणीला येणारं. आधीची हायब्रीड ज्वारी ऐन काढणीत भिजून काळी पडायची, मूग-उडदाचंही तेच. सोयाबीन निघालं की त्याच रानात हरभरा पेरता येतो, शिवाय दिवाळीच्या तोंडावर हातात पैसा. नांदेडकडे कपाशीच्या रानातही ते शिरलं. परभणीच्या विद्यापीठानं एमएयूएस ७१ सारखे आपले वाण दिले.

अशा कार्यक्रमांचं मूल्यमापन होतं ते हेक्टर, टन आणि गुंतलेल्या पैशाचा परतावा मोजून. त्या परीक्षेत जबलपूर-इलिनॉय पहिल्या वर्गात पास, आणि मला ते खोटंही वाटत नाही. इथल्या कोरडवाहू घरांत एवढा रोख पैसा दुसऱ्या खरीप पिकानं क्वचितच आणला असेल. पण मूळ पेपर प्रथिनांचा होता, तो कुणी तपासतच नाही. लातूरच्या घरात वरण आजही तुरीचंच. सोयाबीन येतं तेलाच्या पुड्यातून, फार तर वड्यांतून.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये लातुरात क्विंटलचा भाव दहा हजारांच्या घरात गेला. कुक्कुटपालनवाल्यांनी ओरड केली आणि केंद्रानं जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. सुगीला भाव जवळपास निम्म्यावर. प्रथिनांची काळजी घेतली गेली, कोंबड्यांच्या.

आणखी एक गोष्ट हेक्टरच्या आकड्यांत दिसत नाही: या दाण्याचं साल फार पातळ. मळणीत जरा मार बसला, पोती उंचावरून आपटली, की उगवण गेली. २०२० च्या खरिपात पेरलेलं उगवलंच नाही, अशा तक्रारींचा मराठवाड्यात ढीग लागला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. तेव्हापासून कृषी खात्याचा घरच्या बियाण्यावर जास्तच भर, आणि त्याची उगवण आधी तपासण्यावर. मे सरताना ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, अधूनमधून पाणी शिंपडायचं. आठवड्याभरानं उलगडून मोड आलेले मोजायचे. ७० भरले तर बी पेरणीजोगं. ६५ निघाले तर एकरी ३० किलोवर दोन-अडीच किलो वाढवून धरायचं.